उमरी काढा

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन बरोबर नाही. ऱ्हस्व-दीर्घ मी आजही अंदाजानेच लिहिते, आणि अक्षर असं की किराण्याची यादी दुकानदार मलाच वाचून दाखवायला लावतो. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून मराठी लिहायची वेळ फारशी आली नाही. जे काही लिहिलं ते कीबोर्डवर, इंग्रजी बारक्या अक्षरांत, तेही ठरावीक शब्द. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. वाचणारं कुणी असेल तर. आमच्या ऑफिसचे मालक रफीकभाई. त्यांच्या पत्नी नसीमभाभी शाळेत शिक्षिका आहेत. त्यांच्या मंडळींचा दिवाळी अंक निघतो. "अक्का, तुमच्या कामाचं लिहा," म्हणून त्या मागे लागल्या. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं. लिहून झाल्यावर त्यांना देईन की कपाटात साड्यांखाली ठेवीन, हे अजून ठरलेलं नाही. लिहिताना सारखी उठते, गॅस बघून येते. गॅस बंदच असतो.

माझं काम काय, हे माझ्या सख्ख्या बहिणीला अजून कळलेलं नाही. ती पाहुण्यांना सांगते, "ही कंप्युटरची राखण करते." तसं बघितलं तर चूक नाही. आमचं ऑफिस नांदेडला आहे, दोन खोल्यांचं. लोकांच्या वेबसाइट आम्ही सांभाळतो. वेबसाइटवर एकदम गर्दी झाली तर ती नीट वाटून द्यायची, हे माझं काम. वाटून देणाऱ्या यंत्रणेला लोड बॅलन्सर म्हणतात. तिला कसं वाटायचं याचे नियम लिहून द्यावे लागतात, ते मी लिहिते.

कळायला सोपं जावं म्हणून वडिलांचं सांगते. ते जीप स्टँडवर नंबर लावायचे. भोकरकडे जाणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा रांगेत उभ्या असत. प्रवासी आला की त्याला कुठे बसवायचं ते वडील ठरवत. ही भरली, आता ती. मोठीला जास्त माणसं, लहानीला कमी. पंक्चर असेल तिच्यात कुणाला बसवायचं नाही. आणि ज्याचं गाठोडं एका जीपच्या टपावर चढलं, तो चहा पिऊन आला तरी त्याच जीपमध्ये बसला पाहिजे, नाहीतर माणूस भोकरला आणि गाठोडं दुसरीकडे. लोड बॅलन्सर म्हणजे माझे वडील. फक्त तो तंबाखू खात नाही.

एक वेबसाइट एकाच मशीनवर ठेवली तर गर्दीत ते मशीन दमतं. म्हणून तीच वेबसाइट तीन मशीनवर ठेवायची आणि माणसं वाटून द्यायची. ही मशीन आमच्याकडे नाहीत, लांब कुठेतरी भाड्याने आहेत. मी ती पाहिलेली नाहीत. त्यांचे लांबलचक नंबर माझ्या लक्षात राहत नव्हते, म्हणून रफीकभाईंनी त्यांना आमच्याकडच्या गावांची नावं दिली: भोकर, मुदखेड आणि उमरी. दर काही सेकंदांनी लोड बॅलन्सर प्रत्येकीला विचारतो, आहेस का? मशीनने "दोनशे" असं उत्तर दिलं की ती आहे असं समजायचं. मग माझ्या पडद्यावर तिचा ठिपका हिरवा राहतो. उत्तर आलं नाही की लाल.

ऑफिसात मी आले ती झाडू मारायला आणि पाण्याचे जार भरायला. मला ते ऑफिस आवडलं, कारण तिथे कुणी बोलत नसे. सगळे कानात वायरी घालून बसलेले. मुलं काम शिकायची आणि पुण्याला जायची. दुसरी यायची, तीही शिकून जायची. एक दिवस रफीकभाई म्हणाले, "अक्का, तुम्ही तर कुठं जाणार नाही ना? मंग इथं बसा. हा ठिपका लाल झाला की मला आवाज द्या, बस." मी बसले. पुढे ठिपका लाल झाल्यावर काय करायचं ते दाखवलं. मग कुणाला किती माणसं द्यायची तो आकडा बदलायला दाखवलं. मग नियम लिहायला. मला फार येतं असं कुणी समजू नये. तीन-चार कामं येतात. पाचवं निघालं की रफीकभाईंना फोन.

नियम वरून खाली वाचले जातात. जो पहिला लागू पडला तोच चालतो, पुढचे कुणी बघत नाही. हे मला एका वधू-वर मंडळाच्या वेबसाइटने शिकवलं. वधूंची पानं एका मशीनकडे, वरांची दुसरीकडे, असा नियम लिहायचा होता. इंग्रजी अक्षरं शोधायला मला वेळ लागायचा, म्हणून मी 'वधू' पूर्ण न लिहिता पहिली दोन अक्षरं लिहिली आणि पुढे चांदणी टाकली. चांदणी म्हणजे पुढे काहीही असो, चालेल. इंग्रजीत 'वर'ची पहिली दोन अक्षरंही तीच, हे ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी देगलूरकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मला उचलावा लागला.

"ओ बाई, मला जावई पाहिजे, जावई! तुमची वेबसाइट कालपासून नुसत्या सुनाच दाखवून राहिली!"

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तेवढंच सुचलं.

ते हसण्यावारी गेलं. लातूरच्या क्लासचं तसं गेलं नाही.

लातूरला एक मोठा क्लास आमचं गिऱ्हाईक आहे. ऑफिसचा बहुतेक खर्च त्याच एका कामावर चालतो. त्यांचे प्रवेश ऑनलाइन असतात. सकाळी दहाला वेबसाइट उघडते आणि जिल्ह्याजिल्ह्यातले आईबाप एकदम तुटून पडतात, कारण जागा आधी भरणाऱ्याला. फॉर्म भरायचा, पहिला हप्ता भरायचा, पावती घ्यायची. त्या दिवशी रफीकभाई लातूरला क्लासच्या ऑफिसात बसले होते आणि मी नांदेडला पडद्यासमोर. उमरी हे मशीन नवीन होतं. बघावं कसं चालतं म्हणून तिला अगदी थोडी माणसं देत होतो.

दहा वाजले आणि गर्दी आली. भोकर आणि मुदखेडला धाप लागली. हिरवे ठिपके मधेच पिवळे व्हायला लागले. उमरी मात्र निवांत. मी खुर्चीवरून उठत होते, परत बसत होते. तेवढ्यात रफीकभाईंचा फोन आला. मागे नुसता गलका.

"अक्का, उमरी काढा! लवकर काढा!"

आणि फोन कट.

आता मी कुणाची मुलगी ते सांगितलंच आहे. रांगेत मागे उभी असलेली जीप पुढे आणायची झाली की वडील बोनेटवर थाप मारून ओरडायचे, "काढ रे!" लग्न झालं तो नवराही जीपवाला. गाडी काढ, गाडी काढली, गाडी काढतो. आमच्या घरात गाडी काढणं म्हणजे ती रस्त्यावर आणणं. समोर दोन गाड्या खच्चून भरलेल्या, तिसरी रिकामी उभी, आणि मालक म्हणतो, काढा. मला शंकासुद्धा आली नाही. खरं सांगायचं तर किंचित आली. परत फोन करून "म्हणजे काय करू?" एवढं विचारायचं होतं. पण समोरचा माणूस घाईत असताना उलट विचारणं मला जन्मात जमलं नाही. मी उमरीला बाकी दोघींइतकी माणसं द्यायचा आकडा लिहिला.

गर्दी लगेच हलकी झाली. तिन्ही ठिपके हिरवेगार. मी चहा करून प्यायले. त्या चहाची चव अजून आठवते, आणि आठवली की लाज वाटते.

दुपारी क्लासकडे फोन सुरू झाले. सगळ्यांचं एकच. सकाळी फी भरली, पावती घ्यायला परत वेबसाइट उघडली तर "फी बाकी" दाखवते. जागा जाईल या भीतीने लोकांनी पुन्हा भरली. झालं होतं असं, की सकाळपासून भरलेल्या फीची नोंद उमरीकडे पोचतच नव्हती. रफीकभाईंना ते लातूरला दिसलं, म्हणून ते ओरडले होते. उमरीला गर्दीतून बाहेर काढा, तिच्याकडे कुणाला पाठवू नका. आणि उमरी विचारलं की "दोनशे" म्हणत होती. ती जागी होती, फक्त तिला सकाळपासूनचं काही आठवत नव्हतं. लोड बॅलन्सर जागी आहेस का एवढंच विचारतो. आठवतं का, हे विचारत नाही.

संध्याकाळी रफीकभाई लातूरहून आले. बॅगही खाली ठेवली नाही.

"अक्का, मी काढा म्हणलो होतो."

"मी काढली की."

"अहो, बाहेर काढा म्हणलो!"

"बाहेरच काढली. रस्त्यावर."

ते खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि तसेच बसून राहिले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात हा शब्द बंद आहे. "आत घ्या" आणि "बाहेर ठेवा", एवढंच बोलायचं, आणि ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवायचं. रफीकभाईंनी ते इतकं मनावर घेतलं की चहाला दूध लागलं तरी "फ्रिजमधून दूध बाहेर घ्या" म्हणतात.

क्लासवाले सर दुसऱ्या दिवशी फोनवर फार बोलले नाहीत. "चूक तुमची आहे. ज्यादा आलेली रक्कम तुमच्याकडे पाठवतो. एकेकाला परत पोचवा. सगळ्यांचं 'मिळाले' असं आलं तर काम तुमच्याकडे. एकजण जरी राहिला, तर मी दुसरा बघतो." ते काम गेलं असतं तर ऑफिसला कुलूप लागलं असतं.

ज्यांनी स्वतःच्या फोनवरून भरले होते त्यांचे पैसे आले तसे बँकेतून परत गेले. पण खेड्यापाड्यातली बरीच माणसं ऑनलाइन सेंटरवर जातात. रोख सेंटरवाल्याच्या हातात देतात आणि तो आपल्या खात्यातून भरतो. त्यांचे पैसे आले तसे परत पाठवले तर सेंटरवाल्याला मिळणार. म्हणजे त्या प्रत्येक आईबापाला फोन करून विचारायला हवं होतं. रफीकभाई उमरीच्या मागे लागलेले, कामाला ठेवलेला मुलगा नुकताच पुण्याला गेलेला.

"फोन कोण करणार?" रफीकभाई म्हणाले.

"मी करते," असं कुणीतरी म्हणालं. तो आवाज माझा होता.

पैसे मागायला फोन करणं अवघड असेल. परत द्यायला करणं त्याहून अवघड आहे, हे मला तेव्हा कळलं. कुणाचाच विश्वास बसत नाही.

"हॅलो, मी नांदेडहून बोलते. क्लासची फी तुमच्याकडून दोनदा गेली, ती परत द्यायची आहे."

"हाव का! मंग ओटीपी सांगू? का आधीच खातं रिकामं करून देऊ?"

फोन कट. दुसरा लावायचा. मला मोठ्याने बोलता येत नाही, त्यामुळे शंका जास्तच. "चोरावाणी हळू कामून बोलता?" एकाने विचारलं. उमरी गावच्याच एक बाई होत्या, त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "आवाजावरून तर चांगल्या घरच्या वाटता बाई. कामून असले धंदे करून राहिल्या? लेकरंबाळं असतील ना घरी?" त्यानंतर मी फोन ठेवून जिन्यात जाऊन उभी राहिले. हाताला काही काम हवं म्हणून जिना झाडला. मग परत येऊन त्यांनाच फोन लावला आणि म्हटलं, "ताई, तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवू नका. ज्या सेंटरवर पैसे भरले तिथे जा आणि त्याच्या फोनवरून आमच्याकडे लावा." हे त्यांना पटलं. मग मी सगळ्यांना तसंच सांगायला लागले. सेंटरवाला ओळखीचा, त्याच्या समोर बोलणं, त्याच्या समोर पैसे आलेले दिसणं. एकेक फिटत गेला. रोज थोडे. झोपेतही मी हॅलो म्हणायचे, असं नवरा सांगतो.

शेवटी एकच राहिले. कंधारचे माधवराव, ऑटो चालवतात. त्यांची मुलगी पूजा. पहिल्या फोनला त्यांनी मला दोन शिव्या दिल्या आणि दुसऱ्या फोनला नंबर बंद करून टाकला. रफीकभाईंच्या नंबरवरून लावला, तोही बंद. त्यांच्या सेंटरवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "त्याचं माझं बोलणं न्हाई आता. दुसऱ्यांदा फी भरली ती मीच खाल्ली म्हणतो. बाजारात भांडला माझ्यासंग." आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, "दुसऱ्यांदा भरले ते पोरीच्या होस्टेलचे होते."

त्याच दिवशी लातूरहून क्लासचा फोन आला. कंधारची पूजा अजून आलेली नाही. वर्ग सुरू झालेत. तिची जागा आणखी दोन दिवस धरतो, मग पुढच्या मुलाला देतो.

इतके दिवस मला ऑफिसची काळजी होती, माझ्या खुर्चीची होती. इथे दोनदा फी भरलेली मुलगी होस्टेलला पैसे उरले नाहीत म्हणून घरी बसली होती, आणि तिची जागा मी उमरीला दिलेल्या त्या आकड्यापायी चालली होती.

"मी जातो," रफीकभाई म्हणाले.

"नको. मी जाते," मी म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. बँकेतून रोख आणून पाकिटात दिली आणि सोबत ऑफिसचं पत्र दिलं.

कंधारची बस जागोजागी थांबत गेली. मी पाकीट पदराखाली धरून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. एकही पूर्ण होत नव्हतं. कंधारला उतरले आणि ऑटो स्टँडवर गेले. सगळे पुरुष. एकाला माधवरावांचं नाव सांगितलं. तो ओरडला, "मादवा, पाव्हणी आली रे!" बाकीचे हसले. माझं तोंड लाल झालं असणार.

माधवराव आले. उंच, दाढी वाढलेली. मी सांगायला सुरुवात केली आणि त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"तूच का ती फोनवाली? आता घरापस्तोर आली का!"

सगळे ऑटोवाले भोवती जमा झाले. मी पत्र पुढे केलं.

"लेटर तर माझ्या साडूला ज्यांनी लुटलं त्यांच्याकडं बी होतं. छापील. शिक्क्याचं." ते म्हणाले. "बरं, ओटीपी सांगावा लागंल?"

"नाही."

"आधार?"

"नाही."

"मंग पैसे देणार कसे?"

"हातात," मी म्हटलं आणि पाकीट दाखवलं.

आता ते जास्तच बिथरले. "कामून पण? कोण देतं असं? तुमचा फायदा काय त्याच्यात?"

जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. मागे कुणीतरी भरलेल्या ऑटोवर थाप मारली आणि ओरडलं, "काढ रे, काढ!" मी तिकडे बोट दाखवलं.

"हे असं झालं," मी म्हटलं. "आमच्या मालकाने मला फोनवर सांगितलं, उमरी काढा. उमरी म्हणजे मशीन. त्यांना म्हणायचं होतं, तिला रांगेतून बाजूला काढा, ती बिघडली आहे. माझे वडील जीप स्टँडवर नंबर लावायचे. मला वाटलं, गाडी काढा म्हणतात. मी ती रस्त्यावर आणली आणि तुम्हाला तिच्यात बसवलं. तिला तुमची सकाळची फी माहीत नव्हती, म्हणून तिने परत मागितली. सेंटरवाल्याने काही खाल्लं नाही. मी परत विचारलं नाही, म्हणून झालं."

इतकं सलग मी कुणाशी बोलले नव्हते. मघाशी 'काढ रे' म्हणून ओरडलेला म्हातारा ऑटोवाला म्हणाला, "मंग बरोबरच हाय की. काढ म्हणलं तर गाडी भायेरच काढंल ना माणूस. मी बी तेच केलं असतं."

"तू तर पंक्चर गाडी बी काढतोस," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. माधवराव हसले नाहीत, पण त्यांनी हात पुढे केला. मी पाकीट दिलं.

ते तिथेच ऑटोच्या सीटवर बसून नोटा मोजायला लागले. मोजून झाल्या. परत पहिल्यापासून सुरू केलं. म्हातारा म्हणाला, "बरोबर हायेत ना, किती मोजतो?"

"दोनदा भरले होते," माधवराव म्हणाले, "दोनदा मोजतो."

मी उभीच होते. कुणीतरी बसा म्हणालं, पण बसवेना. दुसऱ्यांदाही बरोबर निघाले. त्यांनी नोटा शर्टाच्या आतल्या खिशात ठेवल्या, वरून हात दाबला आणि माझ्याकडे न बघता घरी फोन लावला.

"हॅलो. पूजाची बॅग काढ."

हे काढणं कोणतं, ते मला कुणाला विचारावं लागलं नाही. मी रफीकभाईंना फोन केला आणि सांगितलं, पैसे पूर्ण फिटले.